शिशाच्या नळजोडण्या बदलताना नोंदी कशा ठेवाव्यात: या कामात नव्याने आलेल्यांसाठी

न्यू जर्सीतल्या एका जुन्या गावाच्या पाणीपुरवठा विभागात मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर चार खोकी आणून ठेवली गेली. आत पोस्टकार्डाएवढी पिवळी पडलेली कार्डे होती. एका कार्डावर एका घराची नळजोडणी: कधी टाकली, किती व्यासाची, मेनपासून, म्हणजे रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपासून, किती फुटांवर व्हॉल्व्ह आहे. काही पेन्सिलीने लिहिलेली, काही पाण्याने ओघळलेली. "यातून शिशाचे पाईप शोधायचे आणि नकाशावर आणायचे," एवढीच सूचना मिळाली.

मी सांगलीची. आपल्याकडे घरात येणारा पाईप म्हटला की जीआय किंवा प्लॅस्टिकचा, त्यामुळे रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत शुद्ध शिशाचा पाईप टाकतात हे मला खरेच वाटले नव्हते. अमेरिकेत तो टाकला जाई, कारण शिसे वाकवता येते आणि जमीन थोडी खचली तरी फुटत नाही. शिकागोच्या नियमांत तर १९८६ पर्यंत लहान व्यासाच्या जोडणीला शिसेच वापरण्याची सक्ती होती. त्या वर्षी देशभर नव्या शिशाच्या पाईपांवर बंदी आली. पण जमिनीतले जमिनीतच राहिले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, २०२३ मधला अंदाज ९२ लाख जोडण्यांचा होता. त्या पाण्यात बाळाच्या दुधाची पावडर कालवली जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. म्हणून या कामात एक्सेलमधली एक चुकीची ओळ ही नुसती चुकीची ओळ नसते.

हा लेख दोन तऱ्हेच्या वाचकांसाठी आहे. इथे शिकून एखाद्या नगरपालिकेत किंवा सल्लागार कंपनीत या कामाला लागलेले इंजिनिअर, आणि पुण्या-नागपुरात बसून इथल्या गावांचा जीआयएस डेटा, म्हणजे नकाशावर बसवलेली माहिती, तयार करणारे. दोघांनाही पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर शिकवतात. पाईपाबद्दल मात्र कोणी सांगत नाही.

सुरुवातीला हाताशी हवे ते:

- जुनी नळजोडणी कार्डे, मेनचे नकाशे, मीटर बदलल्याच्या नोंदी, रस्ता खोदाईच्या परवानग्या
- मालमत्ता कर विभागाची यादी (घर कधी बांधले ते यात मिळते) आणि प्लॉटच्या हद्दींचा नकाशा
- पाणीबिलाच्या ग्राहकांची यादी
- स्कॅनर
- जीआयएस: आर्कजीआयएस असेल तर उत्तम, नसेल तर फुकटचे क्यूजीआयएस
- फोनवर भरायचा फॉर्म: सर्व्हे१२३, क्यूफील्ड किंवा कोबोटूलबॉक्स, यांपैकी कोणताही एक
- राज्याने दिलेला नळजोडण्यांच्या यादीचा नमुना. तो प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, म्हणून पहिल्या दिवशी उतरवून घ्या आणि आपले रकाने त्यालाच जुळवा
- खिशात लोहचुंबक, एक नाणे आणि टॉर्च

१. एका जोडणीचे दोन तुकडे करा

मेनपासून फुटपाथजवळच्या व्हॉल्व्हपर्यंतचा पाईप साधारणपणे पाणी विभागाचा. तिथून घरातल्या मीटरपर्यंतचा घरमालकाचा. या व्हॉल्व्हला इथे कर्ब स्टॉप म्हणतात. हद्द नेमकी कुठे पडते ते गावागणिक बदलते, पण तुमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक जोडणीला दोन स्वतंत्र रकाने हवेतच: विभागाची बाजू कशाची, मालकाची बाजू कशाची. मेनला लागून फूट-दोन फुटांचा शिशाचा वाकडा तुकडा असतो, त्याला गूजनेक म्हणतात. त्याचा तिसरा रकाना आजच करून ठेवा. ईपीएच्या २०२४ च्या केंद्रीय नियमात हे जोड-तुकडेही यादीत धरायचे आहेत, आणि एकदा तपासून आलेल्या घरी फक्त त्यासाठी परत जाणे फार जिवावर येते.

मी सुरुवातीला एकच रकाना ठेवला होता, 'पाईपाचा प्रकार'. रस्ता नव्याने करताना विभागाने आपली बाजू तांब्याची केली होती आणि मालकाची शिशाचीच राहिली होती, अशी कितीतरी घरे त्यात 'तांबे' म्हणून जमा झाली. ती यादी मला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

२. चार प्रकार, आणि त्यांतला फसवा

केंद्रीय नियमानुसार प्रत्येक जोडणी चारांपैकी एका प्रकारात बसते: शिशाची, बदलणे आवश्यक असलेली गॅल्व्हनाइज्ड, शिशाविरहित, आणि अज्ञात. आपली माणसे दुसऱ्या प्रकारात हमखास चुकतात. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे आपला जीआय पाईप, लोखंडावर जस्ताचा मुलामा. त्यात शिशाचे काय, असे आपल्याला वाटते. पण त्याच्या वरच्या अंगाला कधीकाळी शिशाचा पाईप असेल, तर तिथून सुटलेले कण जीआयच्या गंजाच्या थरात रुतून बसतात आणि शिशाचा पाईप काढून टाकला तरी वर्षानुवर्षे पाण्यात येत राहतात. म्हणून वर शिसे कधीच नव्हते हे दाखवता आले नाही, तर तो जीआय पाईप बदलायच्याच यादीत जातो. वरची बाजू आज अज्ञात असली तरीही.

न्यू जर्सीने तर हा प्रश्नच ठेवलेला नाही. इथल्या जुलै २०२१ च्या कायद्यात गॅल्व्हनाइज्ड जोडणीही शिशाचीच धरली जाते, आणि दर वर्षी किमान १० टक्के या गतीने सगळ्या जोडण्या २०३१ पर्यंत बदलायच्या आहेत. केंद्रीय नियमाने जोडण्या बदलायला दिलेली दहा वर्षे बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर २०२७ पासून मोजली जातात. तुम्ही पुण्यात बसून एकाच वेळी दोन राज्यांचे काम करत असाल, तर एकाचे वर्गीकरणाचे सूत्र दुसऱ्याच्या फाइलमध्ये चिकटवू नका.

३. कार्डे स्कॅन करा, पण वाचायला माणूस बसवा

स्कॅन करताना कार्डाच्या दोन्ही बाजू घ्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली दुरुस्तीची तारीख बऱ्याचदा सर्वांत मोलाची असते. हस्ताक्षर वाचणारी सॉफ्टवेअर आता बरीच सुधारली आहेत. छापील रकाने ती चांगले वाचतात. खुणांचा अर्थ मात्र त्यांना कळत नाही.

आमच्या कार्डांवर जागोजागी एकच इंग्रजी अक्षर होते, 'एल'. मी ते लेड, म्हणजे शिसे, धरले. शेकडो कार्डे तशी भरून झाल्यावर निवृत्त झालेले एक फोरमन सहज कार्यालयात आले. त्यांनी दोन कार्डे हातात घेतली आणि म्हणाले, "हा एल म्हणजे लाँग. मेन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला आहे, म्हणून जोडणी लांब." शिशासाठी त्यांच्या वेळी 'पीबी', हे शिशाचे रासायनिक चिन्ह, लिहीत, ते वेगळ्या कोपऱ्यात.

तेव्हा कार्डे भरायला घेण्याआधी विभागातल्या सर्वांत जुन्या माणसाला शोधा. निवृत्त असेल तर घरी फोन करा. पन्नास कार्डे समोर ठेवून प्रत्येक खुणेचा अर्थ विचारा आणि त्यांची एक पानभर यादी करा. पुढे दोन माणसांकडून तीच शंभर कार्डे वेगवेगळी भरून घेऊन ताडून पाहा. जिथे दोघांचे जुळत नाही तिथे खुणांच्या यादीत भर घालायची वेळ आलेली असते.

४. पत्ता नव्हे, क्रमांक

प्रत्येक नळजोडणीला स्वतःचा एक कायमचा क्रमांक द्या. पत्त्यावर विसंबू नका. कोपऱ्यावरच्या घराचा पत्ता एका रस्त्याचा आणि नळ दुसऱ्या रस्त्यावरून आलेला असतो. एका प्लॉटवर दोन घरे आणि दोन जोडण्या असतात. बिलाच्या यादीत 'स्ट्रीट', कर विभागाच्या यादीत त्याचे दोन अक्षरी संक्षिप्त रूप, कार्डावर रस्त्याचे १९२० सालचे नाव. आधी पत्ते एका साच्यात आणा, मग तिन्ही याद्या जोडा, आणि जे जोडले गेले नाहीत त्यांची वेगळी यादी काढून हाताने तपासा. ही उरलेली यादी कंटाळवाणी असते, पण सर्वांत जुनी घरे बहुधा तिच्यातच सापडतात.

एक्सेलबद्दल तीन धोके, तिन्ही मी स्वतः अनुभवलेले:

पाऊण इंच व्यास तुम्ही ३/४ असा टाइप केलात की एक्सेल त्याची तारीख करतो. इथल्या संगणकावर ४ मार्च, भारतातल्या संगणकावर ३ एप्रिल. फाइल दोन देशांत फिरली की मूळ आकडा काय होता ते कोणालाच सांगता येत नाही. व्यासाचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवा, किंवा ०.७५ लिहा.

न्यू जर्सीचे पिनकोड शून्याने सुरू होतात. एक्सेल ते शून्य खाऊन टाकतो, आणि मग पत्रे परत येतात.

फोनवरच्या फॉर्मातली वेळ बऱ्याच प्रणालींत ग्रिनिच प्रमाणवेळेने साठते. इथे संध्याकाळी आठला केलेली तपासणी निर्यात केल्यावर दुसऱ्या दिवसाची दिसते. तपासणीच्या तारखेसाठी साधा वेगळा रकाना ठेवा आणि तो तपासणाऱ्याकडूनच भरून घ्या.

५. 'कशावरून?' हा रकाना

मला एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी ही सांगेन. पाईप कशाचा आहे या रकान्याच्या शेजारी 'कशावरून?' हा रकाना ठेवा आणि तो रिकामा असेल तर फॉर्म पुढे जाऊच देऊ नका. त्यात ठरावीक पर्यायच द्या: कार्डावरून, बांधकामाच्या वर्षावरून, मालकाने पाठवलेल्या फोटोवरून, तळघरात प्रत्यक्ष पाहून, खड्डा घेऊन पाहून, अंदाजावरून. सोबत कोणी पाहिले आणि कधी.

'तांबे' ही नोंद १९५२ च्या कार्डावरून आलेली असेल आणि 'तांबे' ही नोंद गेल्या आठवड्यातल्या खड्ड्यावरून आलेली असेल, तर नकाशावर दोन्ही ठिपके हिरवेच दिसतात. पण त्यांच्यावर ठेवायचा विश्वास सारखा नसतो. शिशाविरहित म्हणून लिहिलेल्या जोडण्यांतून काही चिठ्ठ्या टाकून निवडून प्रत्यक्ष तपासायच्या, हेही नव्या नियमात आहे. तेव्हा कुठल्या पुराव्याच्या नोंदी जास्त चुकतात हे कळायला हाच रकाना लागतो. आमच्याकडे कार्डावरच्या 'तांबे' नोंदी मालकाच्या बाजूला बऱ्याचदा चुकीच्या निघाल्या, कारण कार्ड लिहिणाऱ्याने व्हॉल्व्हपर्यंतचाच पाईप पाहिला होता.

बांधकामाच्या वर्षाचा आधार घेताना एक सावधानता. १९८६ ची बंदी सगळ्या राज्यांत अमलात येईपर्यंत १९८८ उजाडले होते, म्हणून आपल्या राज्याचे नेमके वर्ष घ्या. आणि जुने घर पाडून नवे बांधले तरी जमिनीतला जुना नळ तसाच वापरलेला असू शकतो. कर विभागाच्या यादीत वर्ष २००४ दिसते, खाली पाईप १९२४ चा.

आणि अज्ञात असेल तर 'अज्ञात' लिहा. वरिष्ठांना अज्ञातांचा आकडा आवडत नाही, तो कमी दाखवण्याचा दबाव येतो. पण अज्ञात घरांनाही पत्र पाठवावे लागते, आणि ते पत्र वाचून एखादी आई बाळासाठी शिसे गाळणारी गाळणी घेते. 'बहुधा तांबे' असे लिहून तुम्ही तिच्यापर्यंत जाणारे पत्रच थांबवता.

६. तळघरातली तपासणी

जुन्या घरांत पाईप तळघराच्या भिंतीतून आत येतो आणि लगेच मीटर असतो. भिंत ते मीटर एवढाच तुकडा पाहायचा, मीटरनंतरचा घरातला पाईप नव्हे. ही चूक घरमालक फोटो पाठवताना हमखास करतात, म्हणून त्यांना पाठवायच्या सूचनेत चित्र काढून दाखवा.

तपासायची रीत सोपी आहे. चुंबक लावा. चिकटला तर गॅल्व्हनाइज्ड. नाही चिकटला तर नाण्याने हलकेच खरवडा. इथल्या एक सेंटच्या नाण्यासारखा तांबूस रंग आला तर तांबे. चकचकीत चंदेरी आला आणि पाईप मऊ लागला तर शिसे. शिशाच्या पाईपाला मीटरजवळ कांद्यासारखा फुगीर सांधा असतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही. पाईपावर रंग मारलेला असेल तर आधी रंग जाईपर्यंत खरवडा, पण करवत किंवा चाकू वापरू नका, कण सुटतात.

फॉर्ममध्ये तीन फोटो सक्तीचे ठेवा: भिंत आणि मीटर एकत्र दिसतील असा लांबून, खरवडलेल्या जागेचा जवळून, आणि चुंबक लावलेला. फोटोत घरातल्या माणसांचे सामान, औषधे, कागद येऊ देऊ नका. तळघर ही लोकांची खाजगी जागा असते.

इथे डिजिटल साधनांचा सर्वांत मोठा घोळ होतो. तळघरात नेटवर्क नसते आणि जीपीएस तर भलतीकडेच दाखवतो. उघड्यावरसुद्धा फोनचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे असतो, आणि इथली जुनी घरे एकमेकांना खेटून आहेत. माझे पहिल्या महिन्यातले कितीतरी फोटो शेजारच्या घरावर जाऊन बसले. उपाय असा: निघण्यापूर्वी नकाशा आणि पत्त्यांची यादी फोनमध्ये उतरवून घ्या, आणि नोंद जीपीएसवर न ठेवता यादीतून जोडणीचा क्रमांक निवडूनच सुरू होईल अशी करा. आम्ही पुढे घरी पाठवायच्या पत्रावरच त्या क्रमांकाचा क्यूआर कोड छापू लागलो. दारातच तो स्कॅन केला की फॉर्म त्याच घराचा उघडतो.

७. उरलेल्या अज्ञातांसाठी अंदाज: फ्लिंटचा धडा

मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले आणि पाईप गंजू नयेत म्हणून घालायचे रसायन त्यात घातलेच नाही. शिसे सुटून घराघरांत गेले. पुढे पाईप बदलायची वेळ आली, तेव्हा कोणत्या घराखाली काय आहे हे सांगणारी धड यादी नव्हती. जुने नकाशे आणि कार्डे होती, तीही अर्धवट. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी घराचे वय, किंमत, जागा आणि आधी खोदलेल्या घरांत काय निघाले ते घेऊन एक मशीन लर्निंग मॉडेल केले: पुढे कुठे खोदावे ते सांगणारे. २०१७ मध्ये ८,८३३ घरे तपासली, त्यांतल्या ६,२२८ घरांचे पाईप बदलावे लागले. म्हणजे ७० टक्के. २०१८ मध्ये ते मॉडेल बाजूला ठेवले गेले आणि भागा-भागाने सगळीकडे खोदाई सुरू झाली. १०,५३१ ठिकाणी खोदून शिसे निघाले १,५६७ ठिकाणी, १५ टक्के. २०१९ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनंतर मॉडेल परत वापरात आले.

मी हे आकडे नव्या माणसांना नेहमी दाखवते, आणि लगेच दुसरी बाजूही सांगते. फ्लिंटच्या लोकांना आपले घर वगळलेले सहन होत नव्हते, कारण "तुमचे पाणी चांगले आहे" हे वाक्य त्यांनी आधी ऐकले होते. तेव्हा मॉडेल कुठे आधी खोदायचे ते ठरवायला वापरा. कुणाच्या घरात शिसे नाही हे ठरवायला ते एकटे वापरू नका. त्याचा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा, पाईपाच्या प्रकाराच्या रकान्यात कधीच नाही. आणि राज्य असे मॉडेल कितपत मान्य करते ते आधी लेखी विचारून घ्या.

मॉडेल शिकवायला दिलेली घरे नुसती 'संशयित' नसावीत. आजवर शंका होती तिथेच खोदले असेल, तर मॉडेल शंकाच शिकते. काही घरे सगळ्या गावातून चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तिथे व्हॅक्यूमने लहान खड्डा घेऊन पाहा, व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांना. छोट्या गावाला मॉडेल लागतेच असेही नाही. बांधकामाचे वर्ष, रस्ता आणि मेन टाकल्याचे साल एका तक्त्यात मांडले तरी कुठून सुरुवात करायची ते बऱ्यापैकी दिसते.

क्रम ठरवताना पाळणाघरे, लहान मुले असलेली घरे आणि ज्यांना गाळणीचा खर्चही परवडत नाही अशा वस्त्या वर घ्या. डांबरीकरण होणार असलेल्या रस्त्यांचा थर नकाशावर टाका, म्हणजे नवा रस्ता पुन्हा फोडावा लागत नाही.

८. संमती

मालकाची बाजू बदलायला घरात जावे लागते, आणि काम इथेच अडते. घर भाड्याने दिलेले असते. मालक दुसऱ्या राज्यात. कागदावर मालक म्हणून वारलेले वडील. आमच्या शेजारच्या न्यूअर्क शहराने सप्टेंबर २०१९ मध्ये स्थानिक कायदा करून ही गाठ सोडवली. घरात राहणाऱ्याने दार उघडले की पुरे, मालकाच्या सहीसाठी थांबायचे नाही, आणि खर्चही मालकाकडून घ्यायचा नाही. तीन वर्षांच्या आत तिथे २३,००० हून अधिक जोडण्या बदलल्या. तुमच्या गावात असा नियम नसेल तर नगर परिषदेपुढे हा दाखला ठेवा. मी तर म्हणेन, सॉफ्टवेअरच्या परवान्याआधी हा मागा.

नव्या केंद्रीय नियमात मालकाशी किमान चार वेळा, किमान दोन वेगवेगळ्या मार्गांनी संपर्क केल्याचे दाखवावे लागते, आणि मालक बदलला की सहा महिन्यांच्या आत नव्या मालकाला विचारावे लागते. म्हणून संपर्काचा तक्ता वेगळा करा: जोडणी क्रमांक, तारीख, मार्ग, काय उत्तर मिळाले. घरविक्रीची यादी दर महिन्याला कर विभागाकडून मागवा.

संमतीपत्र फोनवर सही करता येईल असे ठेवा, पण कागदाची प्रतही बरोबर न्या. सही करण्यापूर्वी वृद्ध माणसे कागद हातात घेऊन वाचतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. आपल्या मराठी-गुजराती वस्तीत मला वेगळीच अडचण आली. 'फुकट पाईप बदलून देतो' हे पत्र लोकांना फसवणूक वाटून केराच्या टोपलीत जाई. एका काकूंनी मला दारातच सांगितले, "फुकट काही मिळत नाही बाई, कशाला आलीस ते खरे सांग." मी मराठीत बोलले, विभागाच्या संकेतस्थळावर त्यांच्याच घराचा ठिपका दाखवला, कार्यालयाचा नंबर बिलावरून त्यांनाच लावायला सांगितला. मग चहा झाला आणि सहीही झाली. पत्रात तोच बिलावरचा नंबर द्या, नवा नंबर देऊ नका.

९. खोदाईचा दिवस

इथे खोदण्याआधी ८११ ला कळवावे लागते, म्हणजे गॅस, वीज, टेलिफोनवाले आपापल्या वाहिन्यांच्या खुणा रंगवून जातात. न्यू जर्सीत कामाचे तीन दिवस आधी. त्यांचा तिकीट क्रमांक आणि त्याची मुदत जोडणीच्या नोंदीत असू द्या आणि मुदत संपत आली की आपोआप सूचना येईल असे करा.

पूर्ण पाईप एकाच वेळी बदला. विभागाची बाजू बदलून मालकाची तशीच ठेवली तर कापताना आणि हलवताना उरलेल्या शिशाचे कण सुटतात आणि पाण्यातले प्रमाण काही काळ उलट वाढते. कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्याच्या अटीतच तीन फोटो घाला: उघडा जुना पाईप, मेनपासून मीटरपर्यंत नवा पाईप, आणि काढलेला तुकडा मोजपट्टीसह. खड्डा बुजवल्यावर हे फोटो जगात कुठेही मिळत नाहीत. जागेवरून फोटो चढले नाहीत, तर बुजवायचे नाही.

१०. बदलल्यानंतर

पाणी वापरायला घेण्यापूर्वी घरातले पाईप धुऊन घ्यायचे असतात. तोट्यांच्या जाळ्या काढा, सर्वांत खालच्या मजल्यापासून सगळे थंड नळ पूर्ण उघडा आणि किमान अर्धा तास पाणी वाहू द्या. मग जाळ्या धुऊन बसवा. घरातल्यांना शिसे गाळणारी गाळणी आणि सहा महिने पुरतील एवढी तिची बदलायची कार्ट्रिज द्या. गाळणीवर एनएसएफ ५३ हे प्रमाणपत्र शिशासाठी आहे ना ते पाहा, नुसता ५३ आकडा पुरत नाही. पाणी उकळून शिसे जात नाही, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगा, कारण आपण सगळेच उकळण्यावर भरवसा ठेवतो.

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पाण्याचा नमुना घ्यायचा आहे. बदलल्याच्या तारखेवरून ती मुदत डेटाबेसनेच काढावी आणि घरी आठवण पाठवावी. बाटलीवर जोडणी क्रमांकाचा बारकोड लावा. पाणी सहा तास नळातच साचलेले हवे, म्हणून सकाळी उठल्या उठल्या घ्यायचे हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा.

निकाल वाचताना एक लक्षात ठेवा. इथली कृती-पातळी लिटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, ती १ नोव्हेंबर २०२७ पासून १० होणार आहे. भारतीय मानक आयएस १०५०० मध्येही मर्यादा तेवढीच, ०.०१ मिलिग्रॅम. पण इथला आकडा सगळ्या यंत्रणेने कधी हालचाल करायची ते ठरवण्यासाठी आहे. एका घरात ८ आले म्हणून "ठीक आहे" असे त्या घराला कळवू नका. आकडा जसाच्या तसा कळवा, जाळ्या पुन्हा साफ करायला सांगा, आणि घरातले १९८६ पूर्वीचे झाळलेले सांधे किंवा जुन्या पितळी तोट्या कारण असू शकतात हेही सांगा. गाळणी सुरूच ठेवायला सांगा.

नोंद बंद करताना जुनी ओळ पुसू नका. 'शिसे, कार्डावरून' ही ओळ तशीच राहू द्या, खाली नवी लिहा: तांबे, दोन्ही बाजू, खड्ड्यात पाहून, तारीख, फोटो तीन, नमुन्याचा निकाल. सार्वजनिक नकाशावरचा ठिपका त्या दिवशीच बदला. आमच्या त्या काकू दर दोन दिवसांनी नकाशा उघडून बघत होत्या.